तळ्याकडची बाजू

एस.टी.त दोघांची एक सीट अख्खी रिकामी होती आणि तिच्याशेजारी आम्ही दोघं दांडा धरून उभे होतो.

"ओ ताई, शीट हाय ना रिकामी. बसा ना!" लडकूमामा कंडक्टर ओरडला.

"नको. त्यांना बसू द्या," मी म्हटलं.

"मला नको. ताईंना बसू द्या," तो म्हणाला.

ताई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मुलगा मला रोज सकाळी भिवंडीत, आमच्या कामतघरच्या तळ्यावर दिसायचा. मी तळ्याला एका बाजूने फेऱ्या मारायचे, तो दुसऱ्या बाजूने. दर फेरीला दोनदा समोरासमोर यायचो आणि दोन्ही वेळा तो हसायचा... म्हणजे हसतोय की दम लागलाय ते कळू नये, असं काहीतरी करायचा. सहा महिने असं हसून आता ताई?

"दोगांना पन न्हाय बसायचं, मंग शीट काय माज्या सासऱ्याला ठेवलीय?" लडकूमामा तिकिटं फाडत पुढे सरकला.

पुढच्या सीटवरून माईने, म्हणजे माझ्या आईने, मान वळवली. "विद्युल्लता, बस गं! कंबर दुखतेय ना तुझी?"

सगळी गाडी माझ्या कंबरेकडे बघायला लागली. तोही. मग हळूच म्हणाला, "माझीही कंबरच दुखते. म्हणजे... घरी तसं सांगितलंय."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"तुमची डावी की उजवी?"

"कंबर एकच असते," मी म्हटलं.

"तेच तर म्हणतोय. डावी की उजवी?"

असा निर्लज्ज माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. वज्रेश्वरी येईपर्यंत मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. फक्त एकदा बघितलं. तो उजव्या पायावर भार टाकून उभा होता. मी डाव्या.

आता खरं ते सांगते. माझी कंबर ठणठणीत होती. दुखत होता तो कुल्ला. उजवा. आत खोलवर, खुब्याच्या मागे कोणी दाभण खुपसावं तसा. धावताना दुखायचा आणि बसलं की जास्तच. पण हे सांगायचं कोणाला? मुलीचं डोकं दुखलेलं चालतं, घसा चालतो, गुडघा चालतो. कंबरेच्या खाली आणि मांडीच्या वर मात्र मुलीला काही नसतंच! आमच्या घरात तर त्या जागेला नावच नव्हतं. म्हणून मी कंबर म्हटलं आणि मग सगळ्यांनी माझ्या बिचाऱ्या कंबरेला धारेवर धरलं. माईने बाम चोळला, शेक दिला, पट्टा आणला, आणि शेवटी वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बुडवायला घेऊन निघाली.

एकदा मी धीर केलाही होता. एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टर उत्तर प्रदेशचे, भले गृहस्थ. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "डॉक्टरसाब, वो... कुल्ला... बहुत तकलीफ है."

"कोई बात नहीं बेटी. गरम पानी में नमक डालो, सुबह-शाम कुल्ला करो."

हिंदीत कुल्ला म्हणजे चूळ, हे भिवंडीत जन्मून माझ्या लक्षात येऊ नये! आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. घसा उत्तम झाला.

हसायला काय जातंय? ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा महिन्यावर आल्या होत्या. भाऊ, माझे वडील, कोर्टात कारकून. त्यांनी निकाल देऊन टाकला होता, "तोपर्यंत दुखणं गेलं तर जा ठाण्याला. नाहीतर टायपिंगचा क्लास लाव. पळणं बंद, कायमचं." आणि भाऊंचा निकाल फिरत नसे.

कुंडातून निघालेली मी दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेले तेव्हा दाभण जागच्या जागी होतं. तिसऱ्या फेरीत मला पुढे पाऊल टाकवेना. आजूबाजूच्या लूमच्या, यंत्रमागांच्या खटखटाटात माझं रडणं तरी कोणाला ऐकू जात नव्हतं. समोरून तो आला आणि थांबला.

"उजवी," मी रागाने म्हटलं. "झालं समाधान?"

"माझी डावी," तो म्हणाला. "मी चिंतामणी. शाळेत गणित शिकवतो. सध्या उभ्यानेच."

मला हसू आलं आणि हसू आल्याचाही राग आला. नाव सांगितलं. गुळण्यांचं सांगितलं. तो इतका हसला की शेवटी त्याला डावी बाजू दाबून धरावी लागली. बरं झालं!

तो वाकला तेव्हा माझं लक्ष आमच्या पायांकडे गेलं. आम्ही समोरासमोर उभे होतो. बांधाची वाट पाण्याकडे उतरती... माझा उजवा पाय खाली, त्याचा डावा खाली.

"अहो," मी म्हटलं, "तुमची डावी आणि माझी उजवी... दोन्ही तळ्याकडच्याच बाजू आहेत."

तो पायांकडे बघत राहिला. "मग तुम्ही कधी उलट्या बाजूने का धावत नाही?"

"माई! तळं देवीचं ना. देवीला उजवीकडेच ठेवायचं, या अटीवर तर तिने मला धावू दिलं. प्रदक्षिणा उलटी घालायची नसते. आणि तुम्ही?"

"मैदानावर शर्यत डावीकडेच वळते. शाळेत तशीच सवय लागली."

म्हणजे ठाण्याला मीही डावीकडेच वळणार होते आणि इथे वर्षभर उजवीकडे वळत होते! एका तिरक्या वाटेवर, एकाच पायावर. दुखेल नाही तर काय होईल?

"घरी सांगा मग," तो म्हणाला.

"काय सांगू? कुठे दुखतं ते कसं सांगू?"

"मी येऊन सांगू?"

"खबरदार!"

तो आलाच. संध्याकाळी भाऊ चहा पीत होते, माई माझ्या कंबरेला पट्टा आवळत होती, आणि हा दारात उभा, इस्त्रीचा शर्ट घालून.

"मी शाळेत गणित... तळ्यावर धावतो... विद्युल्लताबाईंच्या... म्हणजे त्यांच्या..." पुढे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गाडीत बरी फुटली होती वाचा!

"त्यांच्या काय?" भाऊंनी कप खाली ठेवला. "हे बघा, तिची कंबर काही बरी होत नाही. ठाणं रद्द. विषय संपला."

माझ्या डोळ्यांपुढून ठाण्याचं मैदान सरकलं आणि त्या जागी टाइपरायटर आला. मी पट्टा ओढून काढला.

"कंबर नाही, भाऊ! कुल्ला! माझा कुल्ला दुखतोय! उजवा!"

बाहेर लूमही क्षणभर थांबल्यासारखे वाटले. भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. माईने तोंडावर पदर धरला होता.

"आणि माझा डावा," दारातून चिंतामणी म्हणाला.

मग मी तळं, उतार, प्रदक्षिणा सगळं सांगून टाकलं, एका दमात, ओरडून. भाऊंनी "अहो मास्तर, आत या, बसा" असं म्हटलं आणि लगेच, "नाही, उभे राहा, उभे राहा." माईने पदर काढला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"एवढे दिवस मी भलतीकडेच चोळत बसले गं," ती म्हणाली. "बोलायचंस तरी."

"कुठल्या तोंडाने बोलणार होते?"

माईने पट्टा गुंडाळून कोपऱ्यात टाकला. "उद्यापासून उलटी धाव. देवी बाईच आहे. तिला मी समजावते."

आठवडाभर मी धावले नाही, नुसती चालले. खरी जागा शेकली. मग पहाटे तळ्यावर गेले आणि मन घट्ट करून उलट्या बाजूने निघाले. पाण्याकाठी दात घासणारा एक लूमवाला म्हणाला, "अरे, आज उल्टी गाडी!"

वळणावरून समोरून चिंतामणी आला. म्हणजे त्यानेही बाजू बदलली होती! पुन्हा समोरासमोर. पुन्हा दर फेरीला दोनदा. पुन्हा तेच हसणं... आता ते हसणंच आहे हे मला कळत होतं. चीड येत होती ती वेगळीच. बोलत का नाही हा?

ठाण्याला मी तिसरी आले. दुसरी यायला हवी होते, शेवटच्या वळणावर एकीने कोपर मारलं. पण तिसरीसुद्धा राज्याच्या स्पर्धेला जाते. भाऊंनी टायपिंगचं नाव काढलं नाही. शेजाऱ्यांना मात्र सांगितलं, "कंबर दुखत असूनही."

दुसऱ्या दिवशी मी तळ्याच्या वाटेवर मधोमध उभी राहिले.

"सरका," चिंतामणी धापा टाकत थांबला. "म्हणजे... अभिनंदन."

"तुम्ही नेहमी माझ्या उलटेच का? आता कुठे मी सुलट झाले तर तुम्ही उलटे!"

तो पाण्याकडे बघत राहिला. "एकाच बाजूने धावलो असतो तर... नुसती पाठ दिसली असती. समोरून निदान दोनदा तरी दिसतेस." मग घाबरून म्हणाला, "दिसता."

"दोनदा?" माझा आवाज चढला. "एवढ्यावर भागतं तुमचं?"

त्याने मान हलवली. नाही.

"माझंही नाही भागत," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. इतका राग आला होता.

तो गर्रकन वळला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आज कुठल्या बाजूने?"

"आज माझ्या. उद्या तुझ्या. आणि पुन्हा ताई म्हणालास तर तळ्यात ढकलीन."

पुढच्या मंगळवारी माईने मला देवीची ओटी भरायला वज्रेश्वरीला नेलं. चिंतामणीला तिनेच बोलावलं होतं, पिशवी धरायला म्हणून. गाडीत तीच दोघांची सीट रिकामी.

"का, आज पन उभेच?" लडकूमामाने विचारलं.

आम्ही बसलो. मध्ये एक पिशवी मावेल एवढी जागा सोडून. वळणावर एस.टी. कलंडली आणि तो घसरत माझ्यापर्यंत आला. वळण संपलं तसा लगेच पुन्हा सरकून बसला, ताठ, सभ्य, मास्तरासारखा. मला असा काही राग आला!

मग मीच सरकले.