मावशीच्या घरातला दुसरा आवाज

हे रचलेलं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण त्या शनिवारी भरदुपारी मावशीच्या घरात मी स्वतः होतो.

मावशी निवृत्त नर्स. तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. नजर अधू झाली, म्हणून तिच्या फोनमध्ये एक ॲप घेतलं होतं. औषधाच्या पाकिटासमोर फोन धरला की नाव वाचून दाखवायचं.

"मेला फोन नुसता पडून असतो, तरी तापतो बघ," ती म्हणाली.

घरोघरी नेट जोडणं हाच माझा धंदा. तपासलं.

ॲप बंद होतं. तरी काहीतरी बाहेर जात होतं... सतत.

खोलीतला आवाज.

माझं डोकंच फिरलं. ॲप बनवणाऱ्याचा नंबर शोधला, स्पीकरवर फोन लावला. एकट्यानेच ॲप चालवणारा तरुण पोरगा होता. आधी कानांवर हात ठेवले. मी तक्रारीचं नाव काढल्यावर नरमला. मावशीचा नंबर सांगितला, तसं खटाखट टाइप करून त्याने काहीतरी शोधलं.

"चुकलं, दादा. ॲप सुधारायला लोकांचे आवाज गोळा करत होतो. न सांगता. पण एक विचारू? मावशींकडे ते आजारी गृहस्थ... कोण आहेत?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं.

"इथे कुणी नाही," मी म्हणालो.

त्याने रेकॉर्डिंग लावलं.

पंख्याची घरघर. मावशीचं खोकणं. आणि मग... अगदी फोनला तोंड लावल्यासारखा, कोरड्या घशाचा आवाज.

"सिस्टर... पाणी."

मावशीचा हात आपसूक पाण्याच्या तांब्याकडे गेला.

"ओळखीचा आहे?" मी विचारलं.

"वॉर्डात सगळे अशीच हाक मारायचे रे. कुणाचं नाव घेऊ?"

मी तिथल्या तिथे ॲप काढून टाकलं. पोराने सगळं पुसायचं कबूल केलं.

काही दिवसांनी मी मावशीकडेच असताना त्याचा फोन आला. बोलताना धाप लागत होती.

"सगळं पुसलं, दादा. कॉम्प्युटरसुद्धा बंद करून ठेवला. पण तो... आता माझ्या खोलीत बोलतो."

मावशीने स्पीकरवरचा फोन माझ्या हातातून घेतला.

"घाबरू नकोस, बाळा. उशाशी पाणी ठेव."



"ठेवतो, मावशी. ग्लास रिकामा होतो..."

"मग झालं तर!"

"आता तो पाणी मागत नाही. मला नावाने हाक मारतो."

फोन कटला.

पुन्हा लावला. लागला नाही. आजतागायत लागलेला नाही.

मावशी म्हणते, घर कसं हलकं झालंय, गाढ झोप लागते. मी मान डोलावतो.

पण हल्ली कुणाकडे नेट जोडायला गेलो की आधी विचारतो, घरात माणसं किती?

उत्तर मिळतं. तरी हातातलं काम थांबवून मी जरा वेळ... कान देऊन उभा राहतो.