पेटीतले केस

नवऱ्याचे कपडे भिजत घालण्याआधी खिसे उलटून पाहायचे, ही वृषालीला तिच्या आईची शिकवण. आई म्हणायची, नोटा धुतल्या जातात गं. आई नोटांसाठी पाहत नव्हती, हे वृषालीला लग्न झाल्यावर कळलं.

आदेशच्या खिशांत मात्र कधी काही वावगं सापडलं नाही. जांभळ्या शाईची बाटली, पेचकस, चिमटा, बडीशेपेची पुडी. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तो तंत्रज्ञ होता. पाऊस, वारा, ऊन, दमटपणा मोजायची यंत्रं संस्थेने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत जागोजाग बसवली होती. ती चालू ठेवायची, घड्याळांना चावी द्यायची, कागद बदलायचे, ही त्याची नोकरी. वारूळवाडीत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सकाळी मोटारसायकलला लाथ मारून तो निघाला की दिवसभर घरात वृषाली आणि दीड वर्षाची आरोही.

सोमवार भीमाशंकरच्या बाजूचा. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण, तळेघर, आणि तिथून कच्च्या रस्त्याने डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीपर्यंत.

दोन हजार दोन सालच्या जानेवारीतल्या अशाच एका सोमवारी त्याच्या स्वेटरच्या खांद्यावर तिला केस सापडला.

केस हातभर लांब होता आणि तांबूस. तेलाचं बोट कधी न लागलेला. तिने तो नाकाशी नेला, तर चुलीच्या धुराचा वास आला.

बाळंतपणापासून तिचे स्वतःचे केस मूठमूठ गळत होते. सकाळी फणी भरून निघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, होतं असं, येतील परत. आता दीड वर्ष झालं होतं. न्हाणीघरात उभी राहून ती त्या दुसऱ्या बाईचा केस बोटाला गुंडाळत राहिली, आणि तिला आधी राग नाही आला. आधी वाटलं, किती दाट असतील.

"हा कुणाचा?" तिने जेवताना विचारलं.

आदेश हसला. "अगं, यंत्रातला. माणसाच्या केसावरच चालतं ते, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. जुन्नरच्या कॉलेजातून ती बीएस्सी झाली होती, आणि गेल्या दिवाळीत त्याने असलंच एक बिघडलेलं यंत्र घरी आणलं तेव्हा चिमटा धरून तिनेच मदत केली होती. केसांची बारीक जुडी दोन चापांमध्ये ताणून बसवायची. हवा दमट झाली की केस लांबतात, कोरडी झाली की आखडतात. त्यावर काटा वरखाली होतो आणि फिरत्या कागदावर जांभळी रेघ ओढतो. पण त्या जुडीतले केस वीतभर असतात. हा हातभर होता.

"शिलकीतला असेल," आदेश म्हणाला.

पुढच्या सोमवारीही एक निघाला. त्याच्या पुढच्याही.

आणि आदेश बोलायला लागला. एरवी घरी कामाचं अवाक्षर न काढणारा माणूस. "बाकीच्या ठिकाणचे केस वर्षा-दोन वर्षांत थकतात. तिथले नाही. दरीतून धुकं वर यायच्या आधी काटा हलतो. आधी! असे केस नाहीत गं कुठे." हे तो भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, ताटाकडे बघत म्हणाला. तिच्या हातच्या मासवडीबद्दलसुद्धा तो कधी असं बोलला नव्हता.

"कुणाचे आहेत पण?"

"काय माहीत. मी नोकरीला लागलो तेव्हापासून आहेत."

"बाईचेच असतील."

"बाईचेच असणार," तो इतक्या सुखाने म्हणाला, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

मार्चमध्ये ती म्हणाली, "या सोमवारी मी पण येते. आरोहीला महादेवाचं दर्शन घडेल." पर्समध्ये कॅमेऱ्याच्या रिळाची रिकामी डबी होती. डबीत तिचे स्वतःचे केस. गळालेल्यांतले लांब लांब निवडून, स्पिरिटने तेल काढून, वीतभर कापून तिने ते बरोब्बर जुडी करून ठेवले होते.

वाडीत अंगणाअंगणांत हिरडा वाळत घातला होता. वाडीच्या वर, कातळावर, तारेच्या कुंपणात झडपांची पांढरी पेटी चार पायांवर उभी होती. शेजारी पाऊस मोजायचं भांडं आणि वाऱ्याच्या वाट्या फिरणारा उंच खांब. तिथली झाडलोट करणारी, गुरं हाकलणारी कोंडाबाई सामोरी आली.

"बाईसाहेबांना आनलं व्हय आज? या, या. च्या टाकते."

वृषालीने आधी तिचे केस पाहिले. पांढरे, विरळ, पदराखाली चापून बसवलेले. मग ती चहाच्या निमित्ताने वाडीतल्या चार घरांपुढून चालून आली. सुना, लेकी, पाण्याला निघालेल्या पोरी, सगळ्यांची डोकी तेल लावून चप्प बसवलेली, काळीभोर. तांबूस एकही नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जी दिसते तिच्याशी भांडता तरी येतं.

आदेश वाट्यांना तेल द्यायला खांबावर चढला. आरोही कोंडाबाईच्या कडेवर होती. वृषालीने पेटीचं दार उघडलं.

आत सावली होती आणि घड्याळाची टिकटिक. सगळ्या पांढऱ्या-पितळी सामानात ते केस तेवढे जिवंत दिसत होते. वारा पडला होता, तरी काटा थरथरत होता. तिने चाप सैल केले. जुडी सुटली आणि तिच्या बोटाभोवती आपोआप वळली. उबदार होती.

तिने आपली जुडी लावली. काटा एकदम खाली गेला, थोडा चाचपडला आणि उभा राहिला.

"हिथं नगा टाकू ते." कोंडाबाई मागे उभी होती.

"मग कुठे टाकू?"

"ते तुमी बघा. आमी कदी हात लावला न्हाई. पेटीसंगंच आल्यात ते." मग तिने पेटीत वाकून पाहिलं. "तुमचे लावले? सोताचे?"

वृषालीने तांबूस जुडी डबीत भरली.

म्हातारीने आरोहीच्या जावळावरून हळूच हात फिरवला. "पोरगी लई ल्हान हाय वो अजून," ती म्हणाली आणि मूल तिच्या हातात देऊन खाली निघून गेली. चहा राहिलाच.

गुरुवारी आळीत हाक आली, "केसांवर भांडीऽऽ!" खिळ्याला टांगलेली केसांची पिशवी वृषालीने बाहेर आणली. आपल्या गुंतवळात तिने ती तांबूस जुडी सरकवून दिली होती. पाटीवालीने गुंतवळ हातावर तोलला, एक वाटी काढून पायरीवर ठेवली, आणि मग तिची बोटं थांबली. तिने जुडी वेगळी काढली.

"हे न्हाई चालत, ताई."

"का? चांगले तर आहेत."

"आमी गळालेलं घेतो."

"गळालेलेच आहेत."

"न्हाई." बाईने जुडी पायरीवर ठेवली आणि हात लुगड्याला पुसला. "हे अजून कुनाच्या तरी डोक्यात हायेत."

तिने पाटी उचलली. बाकीचे केस नेले नाहीत आणि वाटीही परत घेतली नाही.

वृषालीने जुडी बंबाच्या जाळात टाकली. केस जळाले की आळीभर वास सुटतो. काहीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वेणी सोडली, फणी फिरवली. फणी रिकामी निघाली. एक केससुद्धा नाही. तिने आरशात पाहून स्वतःशीच हसून घेतलं. आता सोमवारी बघू, तिला वाटलं.

सोमवारी आदेश आला, चपला काढता काढता म्हणाला, "केस तू बदललेस."

"रागावलात?"

"छे." तो थोडा वेळ उंबऱ्यातच उभा राहिला. "चांगले आहेत गं."

आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. किती हळवे आहेत, किती समजूतदार आहेत, ढगाची सावली पडली तरी त्यांना कळतं. वृषाली ऐकत राहिली. हेच तर हवं होतं तिला. "माझेच आहेत की ते," ती लाजत म्हणाली.

"हो ना," आदेश म्हणाला. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीतून पश्चिमेकडे, डोंगराच्या बाजूला बघत होता.

पुढे तो गुरुवारीही वर जायला लागला. काम निघतं म्हणे. परत आला की गप्प, डोळे निवलेले. ती जवळ बसली की किंचित सरकायचा. सवतीचा मत्सर बायका करतात, तिची आईही करत आली होती. पण आपल्याच गळक्या केसांचा? ही गोष्ट सांगायची कुणाला?

घरात तिचे केस वाढत होते. दाट, कमरेखाली. खोबरेल तेल त्यांवर ठरत नव्हतं, अळवाच्या पानावरून पाणी जावं तसं ओघळून जात होतं. स्वयंपाक गॅसवर होता, तरी तिच्या उशीला चुलीच्या धुराचा वास येत होता. ती अभ्रे धूत राहिली.

"एक गंमत सांगू?" एप्रिलच्या अखेरीस आदेश म्हणाला. "वर रोज दुपारी काटा चढतो. एवढं रणरणतं ऊन, हवा कोरडी ठाक, तरी चढतो. अगदी भिजल्यासारखा. तीनच्या सुमाराला. मग कितीतरी वेळाने उतरतो. साहेबांना म्हटलं, तर म्हणाले यंत्र बिघडलं असेल. बिघडलेलं नाही. मी तपासलंय."

तीनला आरोही झोपेतून उठते आणि रडते.

वृषालीला कालची दुपार आठवली. आरोही आत रडत होती. ती दारात उन्हाला बसून विंचरत होती. रडणं ऐकू येत होतं, जसं शेजारच्या घरातलं ऐकू येतं. तिने आधी पूर्ण वेणी घातली, शेवटचा पेड घट्ट केला, आणि मग उठली.

परवाही असंच झालं होतं.



"मला वर न्या," ती म्हणाली. "उद्याच. माझे केस काढून आणायचेत मला."

"आता नाही. आता बसलेत ते तिथे."

"अहो, माझे आहेत ते!"

आदेशने पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, तिच्याकडे नीट पाहिलं. घरी आलेल्या परक्या बाईकडे पाहावं, तसं सभ्यपणे. त्याने तिची वेणी उचलली आणि तिच्याच तळहातावर ठेवली.

"तुमचे कुठे तसे आहेत?" तो म्हणाला.

खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता. वेणी तांबूस होती.

त्याने तिला आजवर कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

सोमवारी तो उन्हं कलताना आला. मोटारसायकलचा आवाज ऐकून आरोही दुडुदुडु धावली. त्याने तिला उचललं. ती त्याच्या शर्टाच्या खांद्याशी काहीतरी चिमटीने ओढत बसली.

एक केस. काळाभोर. हातभर लांब.

वृषालीने वर लावलेले केस वीतभर होते. तिने स्वतः कापले होते. स्पिरिटने पुसले होते.

आरोहीने तो नाकाशी नेला. दारातून वृषालीलाही वास आला, खोबरेल तेलाचा.

"आई," आरोही म्हणाली.

"ये," वृषालीने हात पुढे केले. "ये बाळा, मी इथं हाय."

आरोहीने तिच्याकडे पाहिलं आणि बापाच्या मानेत तोंड लपवलं.

आदेश लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग तिच्या कानाशी, फक्त तिला ऐकू जावं इतक्या हळू म्हणाला, "नेतो हं तुला. पुढच्या सोमवारी नेतो."

आरोहीने मूठ आणखी घट्ट मिटली.