भिडूचा हातोडा

पांढरी साडी, उलटे पाय, रात्रीचे बारा… असलं काही हवं असेल तर इथेच थांबा. तसलं लिहिणारे पैशाला पासरी मिळतात.

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्या घरी घडली त्या वहिनी भुतांना मानत नाहीत. तशा त्या फारसं कुणालाच मानत नाहीत. नवऱ्याला तर मुळीच नाही.

आणि रात्रही नव्हती. रविवारची भर दुपार होती.

तांब्याच्या भांड्यांचा जुना कारखाना. त्याच्याच अर्ध्या भागात काढलेलं म्युझियम. वहिनी, त्यांचा नवरा आणि सासरे, असे तिघं तिथे गेले होते.

नवऱ्याला घरात सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणतात. कौतुकाने नव्हे. गळका नळ असो की शेजाऱ्याचं दुखणं, या माणसाला त्यातलं सगळं कळतं. ‘हात लावू नये’ अशी पाटी दिसली की त्याचे हात शिवशिवायलाच लागतात. मिक्सर गेला, इस्त्री गेली, भिंतीवरचं घड्याळ गेलं. वहिनींना त्या हातांची मनापासून चीड होती.

सासऱ्यांवर मात्र त्यांचा जीव होता. बाबांनी याच कारखान्यात जन्म काढला. ठोक्यांनी कान गेले, पण तोरा गेला नाही. कुठल्याही दुकानातलं भांडं दाखवा, बाबा त्यावर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "पत्रा बडवलाय मेल्यांनी." घरात एवढा एकच माणूस वहिनींइतकं टाकून बोलायचा. त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

बाबांना यायचं नव्हतं. तज्ज्ञाने हट्टाने आणलं.

"जुन्या आठवणी जाग्या होतील, बाबा."

"झोपल्यात त्या बऱ्या आहेत, गाढवा."

बाबा अंगणातल्या बाकावर बसले. कानाचं मशीन काढून खिशात टाकलं. आत यायला साफ नकार दिला.

आत काय, नेहमीचाच पोरखेळ. पिवळे दिवे, काचेची कपाटं, पाठ केलेलं बोलणारी गाईड. प्लास्टरचा एक कारागीर बसवला होता, गुलाबी गालांचा. त्याच्या दंडांकडे बघून वहिनींना हसूच आलं. तसल्या दंडांनी हातोडा काय, लाटणंसुद्धा उचललं नसतं.

मधोमध एक हंडा होता. कमरेएवढा.

तांब्यावर एकसारखे ठोके मारून बारीक खळगे उठवतात, त्याला मठारणं म्हणतात. हा हंडा खालून अर्धा मठारलेला होता. वरचा भाग कोरा. आणि आत एक हातोडा… डोकं खाली, दांडा वर.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. हा हंडा त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण ऐकला होता.

मोठा हंडा एकट्याने मठारत नाहीत. दोघं समोरासमोर बसतात. एकाचा ठोका, मग दुसऱ्याचा. मध्येच एकाला उठावं लागलं तर तो आपला हातोडा असा उलटा हंड्यात ठेवून जातो. म्हणजे, मी येतोय. तोवर तू थांब.

बाबांचा भिडू असाच ठेवून उठला होता. पाणी प्यायला. अंगणात कोसळला, तो परत आलाच नाही. बाबांनी तो हातोडा काढला नाही, कुणाला काढू दिला नाही. त्या हंड्यावर पुन्हा कधी ठोका मारला नाही.

"उलटा ठेवलाय मूर्खांनी," तज्ज्ञ म्हणाला.

"अहो, तो मुद्दाम तसा…"

पण साखळीपलीकडे पाय टाकून झालासुद्धा. त्याने हातोडा उपसला, हातात तोलून पाहिला आणि…

ठण्ण!

"काय वजन आहे बघ! मस्त!"

गाईड किंचाळली. तज्ज्ञाने हातोडा जमिनीवर आडवा ठेवला आणि वस्तू कशा मांडाव्यात हे तिलाच शिकवू लागला. लाजेने वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवाज विरला.

मग…

ठण्ण.

हंड्याजवळ कुणीच नव्हतं. हातोडा जमिनीवरच होता.

पुन्हा शांतता… अगदी एका ठोक्यापुरती.

ठण्ण.

"तांबं आहे. आवाज घुमतो," तज्ज्ञ म्हणाला.

वहिनींनी दाराकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते. कानात मशीन नव्हतं. या माणसाला कानाशी फटाका फुटला तरी कळत नसे.

"आलो रे," बाबा म्हणाले.

ते त्या तिघांकडे बघत नव्हते.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले आणि बोटाने खुर्चीच्या हातावर ठोकू लागले. टक्… टक्… टक्… जेवताना तेवढे थांबायचे. मग पुन्हा सुरू.

वहिनींना आधी वाटलं, म्हातारपण. मग एका दुपारी त्यांनी टीव्ही बंद केला.

बाबांचा ठोका. टक्.

आणि मधल्या रिकाम्या जागेत… लांबून, बारीक… ठण्ण.

"वरच्या मजल्यावर काम चाललंय," तज्ज्ञाने निकाल दिला.

त्यांच्या घराला वरचा मजलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच म्युझियममध्ये गेल्या. हातोडा होता तसा उलटा ठेवायचा आणि विषय संपवायचा, एवढंच डोक्यात होतं.

"हातोडा?" गाईड फणकारली. "तो तुम्हीच नेलात ना? त्या दिवसापासून सापडत नाहीये."

हंड्यावर कापड टाकलं होतं. वहिनींनी ते उचललं…

कोरा भाग कमी झाला होता. खळग्यांच्या नव्या ओळी वर चढल्या होत्या. एक खोल, एक हलका. एक खोल, एक हलका. हलका ठोका कुणाचा, ते वहिनींना सांगायला नको होतं. बाबांनी मठारलेला तसाच तांब्या त्यांच्या ओट्यावर होता.

त्या घरी येऊन बाबांच्या पायाशी बसल्या. त्यांच्या कानात मशीन घातलं.

"बाबा, पुरे ना. थांबा आता."

बाबा हसले. "तो थांबला की इतकी वर्षं. आता मी थांबायला सांगू होय त्याला?"

वहिनी रडल्या. कुणापुढे न रडणारी बाई, पण त्या दिवशी रडली. बाबांनी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. उजव्या हाताचं बोट चालूच होतं.

त्याच आठवड्यात बाबा खुर्चीतच गेले. बोट तसंच उचललेलं… ठोका राहून गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनी पुन्हा हंडा बघून आल्या. काठाजवळ वीतभर पट्टी कोरी आहे. काम संपलेलं नाही.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तज्ज्ञ बोलत होता. म्हाताऱ्या माणसांच्या हृदयावर. डॉक्टरांना काय कळत नाही, त्यावर. वहिनींचं लक्ष नव्हतं. त्या ऐकत होत्या.

ठण्ण…

रिकामी जागा.

ठण्ण…

रिकामी जागा.

ठण्ण…

टक्.

वहिनींनी टेबलावर पाहिलं. नवऱ्याच्या उजव्या हाताचं बोट.

"काय करताय?"

"कुठे काय?" तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. सगळं कळणाऱ्या माणसाला तेवढंच कळलं नव्हतं.

वहिनींनी झटकन त्याचा हात धरला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. नातेवाईक म्हणतात, सासरे गेले आणि दोघांचं सूत जुळलं. टीव्हीसमोर हातात हात, रिक्षात हातात हात. तज्ज्ञाला तर वाटतं, बायकोला अखेर आपली किंमत कळली. असल्या खुळ्यांना वहिनी काय सांगणार?

त्या फक्त तो हात दाबून धरतात. आत बोट धडपडत असतं.

सुरुवातीला एका हाताने जमायचं. हल्ली त्यांना दोन्ही हात लावावे लागतात.