नाक्यावरचे दोन दिवस

पासपोर्टचा फॉर्म भरून देते, रेल्वेचं तिकीट काढून देते, पण व्हिसाचं काम मी घेत नाही. तुम्ही त्यासाठी दौंडहून मुद्दाम आलात आणि नेमकी लाईट गेली. बसा. हा चार्जिंगचा दिवा तासभर टिकतो, तेवढ्यात का घेत नाही ते सांगून होईल.

तेजश्री आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. शेवटच्या वर्षी दोघींनी मिळून एक वही केली होती. विमानानं बँकॉक, तिथून रेल्वेनं लाओस, मग बसनं डोंगर ओलांडून व्हिएतनाम, आणि समुद्राच्या कडेकडेनं खाली कंबोडिया. पाठीवर एक सॅक आणि हातात दोन महिने. पासपोर्टसुद्धा दोघींनी एकाच दिवशी काढले. मग माझं लग्न झालं. सासूबाईंची उजवी बाजू लकव्यानं गेली. केडगाव स्टेशनसमोर हे दुकान टाकलं, मागच्या खोलीत सासूबाईंची कॉट. तेजश्री रांजणगावला एका कंपनीत लागली आणि कारेगावात खोली करून राहिली.

मागच्या नोव्हेंबरात ती त्या खुर्चीवर येऊन बसली.

"सुवे, राजीनामा दिला. जानेवारीत निघते. व्हिसा, गाड्या, समदं तूच बघ. तुझ्यावानी कुनाला जमायचं न्हाई."

"एकटीच जाणार?"

"मग काय. तू येतीस का?"

तिनं सहज विचारलं. हसत. मागून सासूबाईंनी पाण्यासाठी तांब्या वाजवला आणि मी उठले. परत आले तर ती मोबाईलवर सॅकचे रंग बघत होती.

पंधरा दिवस मी तिचा प्रवास जुळवत होते. कुठली गाडी किती वाजता सुटते, सरहद्दीच्या नाक्यावर कधी पोचते. बऱ्याचशा वेळा मला पाठच होत्या. वहीतलं माझं सगळं मी तिच्या नावावर टाईप करत होते. ती आली की बोलायचं तेवढं बोलायची आणि मी मान डोलवायची. ती गेल्यावर मी ती जुनी वही काढून बसायची.

व्हिएतनामच्या फॉर्मात दोन गोष्टी नेमक्या लिहाव्या लागतात. कुठल्या नाक्यातून शिरणार, आणि कोणत्या तारखेपासून. त्या तारखेच्या आधी आत घेत नाहीत. तिची बस सतरा जानेवारीला सकाळी नाक्यावर पोचत होती. मी एकोणीस टाकलं. चुकून नाही. बोट आधी थांबलं होतं. मनात म्हटलं, दोनच दिवस. अडकून पडणं काय असतं ते तिलाही कळू दे.

व्हिसा आला. तिनं प्रिंट वाचलीसुद्धा नाही, घडी करून ठेवून दिली.

सतराला सकाळी फोन आला.

"सुवे, तारखेचा घोळ झालाय. लाओसचा बाहेर पडायचा शिक्का बसला, आन् हे आत घेईनात. बस गेली निघून."

"त्यांच्याच सिस्टिमचा घोळ असेल," मी म्हटलं. माझा आवाज अजिबात हलला नाही. "थांब तिथंच. काहीतरी करते."

मी काहीच केलं नाही. दिवसभर गिऱ्हाईक केलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला भूक चांगली लागली.

दिवेलागणीला पुन्हा फोन आला. तेव्हाही अशीच लाईट गेली होती. बाहेर पलीकडच्या गुऱ्हाळाचा गोडसर धूर पसरला होता. तेजश्री हळू बोलत होती.

"एका पत्र्याच्या खोलीत बसवलंय. बाहेर नुस्तं धुकं... आन् हितं एक बाई हाय."

"कसली बाई?"

"कोपऱ्यात बसलीय. तोंड भिंतीकडं हाय. आपल्याकडची वाटती... मराठी बोलती."

"काय बोलते?"

"ऐक."

तिनं फोन पुढं धरला असावा. आधी पावसाची बारीक टपटप आली. मग एक आवाज. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "नाव... वडलांचं नाव... जन्मतारीख..." गिऱ्हाइकाला फॉर्म वाचून दाखवताना मी जशी वाचते, अगदी तसं. पुढं तारीख आली, ती माझ्या जन्माची होती. आवाजही माझाच होता.

दुकानातला गुळाचा वास गेला. ओल्या लाकडाचा आणि डिझेलचा वास आला, आणि पायाला गार लागायला लागलं.

"तेजे, तारीख मीच बदलली," मी म्हटलं. "मुद्दाम बदलली. तू त्या खोलीतनं बाहेर जा."

मग उत्तर आलं, पण तेजश्रीचं नाही.

"बरं केलंस... मला पोचायला वेळ मिळाला."

फोन कट झाला. दोन दिवस लागला नाही. एकोणीसला दुपारी तेजश्रीचा मेसेज आला. "पोचलो आपण." त्यानंतर महिनाभर फोटो येत राहिले. नदी, बाजार, गाडीची खिडकी. प्रत्येक फोटोत ती एका कडेला असायची. शेजारची जागा रिकामी.

मार्चात ती परत आली आणि घरी जायच्या आधी दुकानात आली. दारातच थबकली.

"तू कवा आलीस?"

"मी कुठं गेले होते, तेजे?"

तिनं ते ऐकलंच नाही. आनंदानं सांगत सुटली. नाक्यावर दोन दिवस तुझी वाट बघितली, तवा कुठं तू आलीस. समुद्रात चपलांसकट शिरलीस. बसमधी म्हातारीला गाणं म्हनून दाखवलंस. शेवटी इमानतळावर म्हनलीस, तू जा, मी न्हाई येत, मला हितंच बरं वाटतंय.

मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या घडीला मी जळत होते, तेजश्रीवर नाही, तिच्यावर. जी गेली. तिला सासूबाईंचा तांब्या ऐकू येत नव्हता.

तेजश्री आता पुण्यात नोकरी करते. मी त्या विषयावर पुन्हा बोलले नाही.

गेल्या सोमवारी मला मेल आला. तिकडच्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाल्याचा, बाहेर जाऊन परत यायच्या परवानगीसकट. नाव माझं, पासपोर्टचा नंबर माझा. पासपोर्ट आमच्या कपाटात कुलपात आहे, मी उठून बघून आले. फोटोही होता. ती मीच, उन्हानं रापलेली, केस मोकळे. अशी मी कधी हसलेली मला आठवत नाही.

खाली मुदत कशासाठी हवी, तो रकाना होता. बाकी सगळा फॉर्म इंग्रजीत. त्या एका रकान्यात मराठीत लिहिलं होतं, "घरी एक जण राहिली आहे. तिला न्यायला जायचं आहे."