बोलावण्याआधीची बोटं

सरका जवळ, आणि ते मोबाइल उलटे ठेवा आधी. ऐकायचं असेल तर धड ऐका, नाहीतर घरी जाऊन झोपा. असोद्याचा पितांबर माझा तीस वर्षांचा दोस्त. एसटीत कंडक्टर होता. उगाच काहीतरी सांगणाऱ्यांतला नाही तो, म्हणून मी हे सांगतोय.

दोन हजार तेवीसची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पितांबर चष्म्याची काडी बसवून आणायला जळगावला गेला आणि दिवेलागणीला परत आला. घरात माणसं दोनच, तो आणि त्याचा मुलगा भूपेंद्र. तिसरी ट्यूबलाइटमागची पाल. हसतोस काय रे? पितांबर तिला बेबाबाई म्हणायचा. चिमटीत दिव्यावरचं पाखरू धरून हात वर करायचा, आणि ती भिंतीवरून उतरून हातातून खायची. बायको गेल्यापासून चार वर्षं रोज रात्री तो तिच्याशीच बोलायचा. नवाच्या सुमारास ती चुकचुकली, की आपण टेकतो तशी तो जमिनीवर तीनदा बोटं टेकून 'कृष्ण कृष्ण' म्हणायचा.

त्या दिवशी ट्यूबमागं कोणी नव्हतं.

"भूपेंद्र, बेबाबाई कुठाय?"

"मारली. वरणाच्या पातेल्यावर आली होती."

"मारली?"

"पाल होती बाबा ती! दिली गटारीत फेकून."

पितांबर टॉर्च घेऊन तासभर गटारीवर वाकून शोधत होता. सापडली नाही. गल्ली हसली. मीही हसलो, आता लाज वाटते. त्याचं जेवण तुटलं आणि बापलेकाचं बोलणंही. ताटं आदळायची, दारं आदळायची, बस.

मग त्याला एक सवय लागली. नऊ वाजले, की काही आवाज नसतानाच बोटं टेकायची. टक टक टक. कृष्ण कृष्ण. तेवढ्यानं जीव निवतो म्हणायचा. मी म्हटलं, "येडा झाला का भो? पाल बोलल्यावर टेकायचं असतं. तू आधीच टेकतो, म्हणजे बोलावणंच झालं ना ते!"

तो म्हणाला, "येऊ दे मग."

बारा डिसेंबर. मंगळवार, अमावास्या. थंडी अशी, की पाली केव्हाच फटीत जाऊन बसलेल्या. नवाला पितांबरनं बोटं टेकली. भूपेंद्र जेवत होता, तो भडकला.

"बंद करा हे! गावात तोंड दाखवायची सोय नाही ठेवली. दुसरी दिसली तर तिलाही चेचतो, बघा!"

पितांबरचं डोकं फिरलं. "ज्या हातानं मारलीस ना, तो हात तुझा राहायचा नाही!"

चुक् चुक् चुक्.

ट्यूबमागून.

बोलता बोलता पाल चुकचुकली, की आपण काय म्हणतो रे? बोललेलं खरं होणार. राग होता, पण पोटचा पोरगा होता तो.

"नाही... रागात बोललो मी. शब्द मागं घेतो."

शांत.

"माझ्या भूपेंद्रला काही होणार नाही."

शांत.

तो स्टुलावर चढला. ट्यूबमागं हात घातला. जाळं. धूळ. बस.

"माझा हात घे! त्याला सोड..."

शांत.

"बाबा..." भूपेंद्रनं हात पुढं केला. "मूठ... उघडत नाही."

उजवी मूठ. वरणभाताचा घास तिच्यातच राहिलेला.

चुक् चुक् चुक्.

आता ट्यूबमागून नव्हे.

त्या मुठीतून.

पितांबर रात्रभर रडत ती मूठ उकलत बसला. नखं तुटली त्याची. एकेक बोट धरून ओढलं, पण ते हलेना. पहाटे चारला मूठ आपोआप उघडली. आत वाळलेला भात, दुसरं काही नाही. बोटं हलत होती, दुखत नव्हतं. सुटलो, म्हणाला पितांबर. मीही तेच म्हटलं.

आठवड्यानं भूपेंद्र रेशनच्या दुकानात गेला. मशीनवर उजवा अंगठा ठेवला. ठसा उठला नाही. अंगठा धुतला, पुसला, पुन्हा ठेवला. मग दुसरं बोट, तिसरं... एकाचाही उठेना. दुकानदारानं त्याचा हात उलटा करून बघितला, आणि चटका बसावा तसा सोडून दिला.

संक्रांतीला तिळगूळ देताना मी स्वतः पाहिला तो हात. पांढुरका, मऊ, पालीच्या पोटासारखा. बोटांवर नाही, तळव्यावर नाही, रेष म्हणून कुठंच नाही. पितांबर अजून रोज सकाळी तो तळवा दारातल्या उन्हात धरून बघतो... एकही परत आलेली नाही.