माझ्या वाटेतला चुंबक

मिठबावच्या किनाऱ्यावर मी इलेक्ट्रॉनचा विचार करत चालले होते, आणि रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला अडखळले. पडू नये म्हणून ती दोरीच घट्ट धरली.

"हात लागलो!" दोरी ओढणारा एक जण ओरडला. "आता वाटो घेवकच होयो."

तो लवू. रापणीचा नियमच तसा... दोरीला हात लावला की मासळीत वाटा. मी जाळं ओढलं नव्हतं, उलट अडवलं होतं. तरी चार बांगडे अत्यंत गंभीरपणे माझ्या ओढणीत पडले.

मग रोज सकाळी मी काठाने उत्तरेला, तो रापणीला माणसं गोळा करत दक्षिणेला. मधे पालथी होडी, कुत्रे, माझी शेवंतीमावशी... सगळ्यांना वळसा घालून आम्ही एकाच माडापाशी समोरासमोर यायचो.

"अभ्यास कसलो करतंस गो?"

"एक पातळ पत्रो आसा. मधून वीज जाणाच नाय, फकत काठान जाता. एका गिरकीचे इलेक्ट्रॉन एका दिशेन, उलट गिरकीचे उलट दिशेन. वाटेत कचरो इलो तर वळसो घालतत, पण मागे फिरणत नाय."

"कधीच?"

"चुंबक आडवो इलो तरच."

"बरां," तो म्हणाला... आणि निघून गेला.

शुक्रवारी मी नोकरीसाठी बंगळूरला जाणार होते. हे त्याला माहीत होतं. आणि नुसतं 'बरां'!

शुक्रवारी सकाळी माझ्या वाटेत लाऊडस्पीकरचा चुंबक पडला होता. काळी वाळू चिकटून त्याला दाढी आलेली. शेजारी लवू.

"देवळातलो स्पीकर खोललंय. आज आरती तोंडानच."

"एवढ्याशा चुंबकाचा माणसावर काही परिणाम होत नाही," मी शास्त्राच्या भाषेत सांगितलं.

"म्हायत आसा." तो वाळूकडे बघत राहिला. "पण तुज्या वाटेर ठेवक माज्याकडे दुसरां काय नाय होतां."

लाटेचं पाणी चुंबकापर्यंत आलं, गेलं. मी वळले... पहिल्यांदाच दक्षिणेला. गाडी संध्याकाळची होती आणि ती मी पकडणारच होते. पण चालता चालता त्याचा हात धरला. दोरीने खरखरीत झालेला, खारट.

"हात लागलो," मी म्हणाले.

लवू गंभीरपणे म्हणाला, "मगे वाटो देवकच होयो."

"चतुर्थीक येतलंय. तोपर्यंत माजो वाटो ठेव."