शर्जीच्या पहाटेचा चतुर

सुहादनं जाळी फिरवली तेव्हा तिला एवढंच दिसलं होतं, की बोरूच्या टोकावर एक लालभडक चतुर बसला आहे. बोरूच्या मागं, छातीइतक्या पाण्यात, एक माणूसही उभा आहे हे तिला तो ओरडला तेव्हा कळलं.

"अहो बाई! तो माझा होता!"

होडी डुलली. सुहादनं जाळीचं तोंड मुठीत धरलं आणि आवाजाच्या दिशेनं पाहिलं. डोक्यावर बोरूची पानं खोचलेला, कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरलेला, गालावर चिखल... असा तो उभा होता.

"चतुर कुणाचा नसतो," ती म्हणाली. "आणि असलाच, तर आता माझा आहे."

"सकाळपासून उभा आहे मी इथं! जळवांनी निम्मं रक्त प्यायलं माझं."

"मग उरलेलं निम्मं घेऊन वर या. गारठाल."

होडी वल्हवणारी उम्म जब्बार पोट धरून हसली. दलदलीतली म्हातारी ती, तिला हसायला निमित्तच लागत नसे. "अगं पोरी, घे त्याला होडीत. दिवसभर पाण्यात बसणाऱ्या म्हशींनासुद्धा कुणीतरी हाक मारतं."

तो वर चढला तेव्हा होडीत अर्धी दलदल आली. त्याचं नाव सिनान. इराकमधल्या नासिरिया शहरात त्याचा स्टुडिओ होता, लग्नांचे फोटो काढायचा. "नवऱ्यामुली हलत नाहीत," तो शर्टाची बाही पिळत म्हणाला, "म्हणून कंटाळा आला की इथं येतो."

सुहाद त्याच शहरातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि दलदलीतल्या चतुरांचं एक चित्रमय पुस्तक तयार करत होती. तिनं चतुराचे पंख दोन बोटांत अलगद धरले, भिंगातून डोळे पाहिले आणि कागदावर भराभर रंगाचे ठिपके मारले.

"एवढी घाई कसली?"

"मेल्यावर याचे रंग जातात. आधी डोळ्यांचे. म्हणून जिवंतपणी उतरवून घ्यायचे आणि सोडून द्यायचं." तिनं बोटं उघडली. चतुर क्षणभर तिथंच थांबला, आणि गेला.

सिनान त्या उघड्या बोटांकडे पाहत राहिला. बोटं मिटायला तिला उगीचच उशीर झाला.

पुस्तकासाठी फोटो त्यानं काढायचे, चित्रं तिनं, असं त्याच दुपारी ठरलं. उम्म जब्बारनं दिलेली गरम भाकरी, म्हशीच्या दुधाची जाड साय आणि खजुराचा पाक खाता खाता.

"एक अट आहे," सुहाद म्हणाली. "चतुर बर्फात ठेवून गारठवायचा आणि काडीवर मांडून फोटो काढायचा, हे मला चालणार नाही. पुष्कळ जण करतात."

"मी काय मासळीवाला आहे?" तो म्हणाला. "नाही करणार. शब्द."

उन्हाळा वाढत गेला. दर गुरुवारी कॉलेजची गाडी सुहादला आठ वाजता धक्क्यावर सोडायची. सिनान पहाटेपासून पाण्यात असायचा, ती येईपर्यंत त्याच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या असायच्या. तो तिला 'सित् सुहाद' म्हणायचा, बाईंना म्हणतात तसं. मग एका गुरुवारी त्यानं नुसतं 'सुहाद' म्हटलं... जणू चुकून. त्या दिवशी तिनं चतुराला एकाच बाजूला तीन पंख काढले.

"नवी जात सापडली वाटतं," तो कागदावर वाकून म्हणाला.

"तू बाजूला हो. उजेड अडतो."

"मला 'तू' म्हणालीस."

"उजेड अडवणाऱ्याला काय 'आपण' म्हणू?"

एकदा ती सांगत होती, की काही जातींच्या माद्या नको असलेला नर मागं लागला की उडता उडता खाली पडतात, मेल्याचं सोंग घेतात.

"मग तो काय करतो?"

"निघून जातो."

"मूर्ख आहे. जरा थांबायला हवं."

"थांबणार कुठून? काही आठवड्यांचं आयुष्य त्याचं."

"माझं जास्त आहे," सिनान म्हणाला, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर नसलेली धूळ पुसायला लागला.

उम्म जब्बारनं वल्हं थांबवलं होतं. ऐकण्यात काही सुटू नये म्हणून.

ऑगस्टच्या अखेरीस सिनानची आई आणि बहीण सुहादच्या घरी चहाला येऊन गेल्या. बायकाबायकांचं जमलं. पुढच्या शुक्रवारी त्याच्या घरची वडीलधारी माणसं रीतसर मागणी घालायला येणार, असं ठरलं. त्याआधीच्या गुरुवारी सिनान धक्क्यावर तिची वाट पाहत होता, हातात कागदात गुंडाळलेली चौकट.

"तुझ्यासाठी. पुस्तकाचं मुखपृष्ठ."

तिनं कागद सोडवला. बोरूच्या काडीला लटकलेला एक चतुर. पंखांवर, पाठीवर, डोळ्यांवर सुद्धा पाण्याचे बारीक थेंब, आणि प्रत्येक थेंबात उलटा सूर्य. इतका सुंदर फोटो तिनं पाहिला नव्हता. ती पाहत राहिली... आणि मग, सवयीनं, मोजायला लागली. सहा पाय. सहाही काडीवर.

"हा कधी काढलास?"

"परवा. उजाडताना."

"परवा रात्री पारा अठ्ठावीसच्या खाली उतरला नव्हता. मी नोंद ठेवते."

"बरं मग?"

"मग हे थेंब कुठून आले?"

सिनानच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तिथंच होतं, फक्त त्याला कळत नव्हतं आता काय करायचं. "शर्जी सुटली होती. आखाताकडचं दमट वारं. पहाटे सगळं ओलं असतं."

"शर्जीत घाम येतो, सिनान. दव पडत नाही." तिचा आवाज वर्गातला झाला होता. तो तिला स्वतःला ऐकू येत होता, पण थांबवता येत नव्हता. "गार चतुर गरम हवेत आणला की त्याच्यावर असं पाणी जमतं. बर्फाच्या पेल्यावर जमतं तसं. आणि बसलेला चतुर पुढचे दोन पाय डोक्यामागं दुमडून ठेवतो. हा सहाही पायांनी धरून आहे. गारठलाय हा. तुझ्या गाडीत बर्फाचा डबा असतो."

"पाण्याच्या बाटल्यांसाठी!"

तिनं फोटोतल्या पुढच्या दोन पायांवर पुन्हा बोट ठेवलं.

"एकदा पहाटे ये," तो म्हणाला. "स्वतः बघ."

"पहाटे घरातून मी कशी येणार, ते तुला ठाऊक आहे."

"म्हणजे तुला यायचं नाही, आणि माझ्यावर विश्वासही ठेवायचा नाही." त्यानं चौकट तिच्या हातातून घेतली नाही. "मी सांगितलं, नाही. एकदा सांगितलंय. पुन्हा सांगणार नाही."

तो पुन्हा काही बोलेल म्हणून ती संध्याकाळभर फोनकडे पाहत राहिली. खरं काय ते त्यानं सांगितलं असतं, तर तिनं माफही केलं असतं. फोटोचं काय, पुढचा काढता आला असता. पण एवढ्याशा गोष्टीत शब्द मोडून वर तोंडावर नाकारणारा माणूस... जन्मभर कशाकशाला नाही म्हणेल? ती स्वयंपाकघरात भांडी विसळत हाच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिली. उत्तर तेच येत होतं. आपलं उत्तर बरोबर येतं याची तिला फार खात्री असायची.

शुक्रवारी दुपारी माणसं आली. सिनानचे थोरले काका पुढं, काठी टेकत. सिनान रिवाजाप्रमाणे बाहेर गाडीतच बसला होता. कडू कॉफीचा फिंजान काकांच्या हाती दिला गेला, आणि त्यांनी तो न पिता समोर खाली ठेवला. मागणी मान्य झाली की मगच तोंडाला लावायचा.

सुहादचे वडील स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "ठेवलाय त्यांनी. 'हो' सांगू ना?"

तिनं मान हलवली. त्यांना आधी ती होकाराची वाटली.

"नाही, बाबा."

"अगं, आता? माणसं दारात आल्यावर? काल का नाही बोललीस?"

काल ती वाट पाहत होती. हे वडिलांना कसं सांगायचं, ते तिला सुचलं नाही. "तो खोटं बोलला माझ्याशी," एवढंच ती म्हणाली. वडिलांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. त्यांची लेक मोजूनमापून बोलते, हे त्यांना माहीत होतं.

ते बाहेर गेले. मग काठीचा आवाज आला, पायऱ्यांवरून खाली जाणारा, प्रत्येक पायरीवर थांबणारा. गाडीचं दार.

आईनं भरलेला फिंजान आत आणला. "गार झाला," ती म्हणाली. "ज्या घरात हा गार होतो तिथं माणसं पुन्हा येत नाहीत, पोरी. हे तुझ्या पुस्तकात नसेल."

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सुहादचं चित्र होतं. लोकांनी कौतुक केलं. वर्ष गेलं.

पुढच्या सप्टेंबरात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला. कूलर बंद, पंखे बंद. वडील म्हणाले, चला, आमच्या लहानपणासारखं गच्चीवर झोपू. सुहादनं गाद्या वर नेल्या. आईनं हवेचा वास घेतला.

"शर्जी आहे. सकाळी गोधड्या पिळाव्या लागतील बघ."

"उन्हाळ्यात?"

"तुम्हा कूलरवाल्यांना काय माहीत? आम्ही शर्जीच्या दिवसांत अंगावर ताडपत्री घेऊन झोपायचो."

सुहाद हसली आणि कुशीवर वळली.

पहाटे ती गारव्यानं जागी झाली नाही. हवा गरमच होती, ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसलेली. ती जागी झाली ती केसांतून कानात उतरलेल्या पाण्यानं. उशी ओली. गोधडी जड. पाण्याच्या टाकीवरून ओघळ उतरत होते. दव नुसतं हवा किती थंड आहे त्यावर नाही, ती किती ओली आहे त्यावरही पडतं... हे ती शाळेत असताना शिकली होती. परीक्षेत लिहिलंही होतं.

ती उठून बसली. कपडे वाळत घालायच्या तारेला काहीतरी लटकलं होतं.

पिवळसर चतुर. दूरच्या प्रवासाला निघालेल्यांपैकी एखादा, रात्रीपुरता टेकलेला. पंखांवर थेंब, पाठीवर थेंब, डोळ्यांवर थेंब. पूर्वेकडे उजाडलं, तसा प्रत्येक थेंबात एक एक सूर्य उगवला, उलटा. सुहाद अनवाणी जवळ गेली. मोजायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तरी मोजले. सहा. सहाही तारेवर.

आई मागून म्हणाली, "काय गं, रडतेस?"

"दव आहे," सुहाद म्हणाली.

स्टुडिओ बाजाराच्या टोकाला होता. बाई एकटी आलेली पाहून सिनान उठला आणि त्यानं रस्त्याकडचं दार पूर्ण उघडून ठेवलं. तो अंगानं जरा भरला होता. भिंतीवर नवऱ्यामुली होत्या, रांगेनं, न हलणाऱ्या. त्यानं वाळल्या लिंबाचा चहा मागवला.

"मी चुकले होते," सुहाद म्हणाली. वाटेत तिनं मोठं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एवढंच उरलं.

"कसं कळलं?"

"कपड्यांच्या तारेवर."

तो हसला. अगदी पूर्वीसारखा, मान मागं टाकून. "मी तीन महिने जळवांना रक्त पाजलं, आणि तुला घरबसल्या तारेवर मिळाला!"

तीही हसली. मग दोघं एकदमच थांबले.

"माफी मागायला आलीस," त्यानं विचारलं, "की...?"

ज्या गोष्टीसाठी माणसं पाठवायची असतात, ती इथं कुठलीच मुलगी स्वतःच्या तोंडानं बोलत नाही. सुहादनं पेला खाली ठेवला.

"दोन्हीसाठी."

सिनाननं नजर रस्त्याकडे वळवली.

"वसंतात लग्न झालं माझं," तो म्हणाला. "काकांची मुलगी, हनादी. त्या दिवशी तुमच्या पायऱ्या उतरले ना, त्या काकांची."

बाहेरून एक खजूरवाला ओरडत गेला. सुहादला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मी ईदपर्यंत थांबलो होतो," सिनान म्हणाला. "वाटायचं, ही बाई अभ्यासू आहे, शोधून काढेल. मग वाटलं... शोधून काढेपर्यंत मी खोटाच का राहायचं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला सहन होईना. "तू नाही म्हणालीस, ते माणूस पचवतं. पण तू मला विचारलं नाहीस, सुहाद. तपासलंस."

"हो," ती म्हणाली.

"त्या दिवशी मी चार तास हललो नव्हतो. तुला दाखवायचं म्हणून."

"मला ठाऊक आहे आता."

"आता," तो म्हणाला, आणि लगेच, हा शब्द परत घ्यावा तसा, त्यानं चहाची तबकडी तिच्याकडे सरकवली. "साखर घे. तू दोन घेतेस."

तिनं घेतली नाही. ती उठली. ओढणीशी चाळा करणारे स्वतःचे हात तिनं बाजूला घेतले. दारापर्यंत पोचली तेव्हा त्यानं हाक मारली. नुसतं नाव, सित् नाही.

"आत्ता एक गोष्ट सांगितली, तर विश्वास ठेवशील?"

ती थांबली. पाठमोरीच.

"मी सुखात आहे."

वळून एकदा पाहिलं असतं तर तिला कळलं असतं. त्याचे डोळे, त्याची बोटं, पेला धरायची त्याची तऱ्हा... एवढ्यावरून ती सांगू शकली असती, खरं की खोटं. वळण्यासाठी तिची मान हललीसुद्धा.

मग तिनं समोर, उन्हानं पांढऱ्या झालेल्या रस्त्याकडे पाहिलं.

"ठेवला," ती म्हणाली, आणि पायरी उतरली.